आधी पाटी, मग पती!

कथा-कादंबऱ्यांतून हल्ली एक दुकान वारंवार भेटते. दुकान पुस्तकांचे, आणि तेही मंतरलेले! दुःखाने पोळलेल्या कुणी आत शिरावे, चष्मेवाल्या म्हाताऱ्या दुकानदाराने काही न विचारता नेमके पुस्तक हाती द्यावे, आणि त्याच कपाटापलीकडे दुसरे एक पोळलेले माणूस उभे असावे. पुढचे चाणाक्ष वाचकांना सांगायला नकोच!

मला विचाराल तर असे दुकान मुळशीला हवे. बाहेर श्रावणझड आणि खिडकीतून दिसणारे धरणाचे पाणी. त्या पाण्याखाली गावे गेली आहेत. ती जाऊ नयेत म्हणून १९२१ साली मावळातले शेतकरी सत्याग्रहात उतरले आणि सेनापती बापट त्यांच्या पुढे उभे राहिले. ज्याचे सारे बुडाले, त्याला दोन घटका टेकायला याहून योग्य जागा कोणती?

पण वाचकहो, हे सारे मनाचे मांडे म्हणून हसण्याआधी एक खरी हकीकत ऐका. गोदूबाई जोशी यांना बालपणीच वैधव्य आले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी या गोदूबाई. त्यांना मुंबईला आणले ते भावाने. चोविशीतली बाई शिकायला बसली! पुढे सदन पुण्यास आले. इकडे १८९१ साली धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या, आणि कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुन्हा लग्न केले तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय. मार्च १८९३ मध्ये पुण्यात दोघे विवाहबद्ध झाले. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. संसार मात्र १९५० साली आनंदीबाई, म्हणजे याच गोदूबाई, जाईपर्यंत चालला. सत्तावन्न वर्षे!

यातला क्रम पाहा. आधी पाटी, मग पती! गोदूबाई शाळेत गेल्या त्या अक्षरे गिरवायला, नवरा शोधायला नव्हे. आपण अजून कुणीतरी आहोत, हे अक्षरांनी त्यांना पटवले. जखम भरते ती तिथून. सोबत मिळाली तर ती नंतर.

एकट्या माणसाला 'इकडे कशाला आलात?' असे कुणी विचारत नाही, अशी ठिकाणे आपल्याकडे फार थोडी. पुस्तकाचे दुकान आणि वाचनालय ही त्यांतली. पाचगणीजवळच्या भिलार गावाने तर मे २०१७ पासून आपल्या घरांतच पुस्तके मांडली आहेत. परक्याने यावे, खुशाल वाचत बसावे.

तेव्हा घरात एकटे पडलेले वडील असतील, अकाली नवरा गेलेली बहीण असेल, त्यांना 'मन रमवा' असा कोरडा उपदेश करू नका. भाऊबीज जवळ आलीच आहे. स्त्रीशिक्षणासाठी कर्व्यांच्या संस्थेची भाऊबीज प्रसिद्धच आहे. यंदा घरच्या ओवाळणीत वाचनालयाची वर्षाची वर्गणी घाला. आणि पुढे कधी पुस्तक बदलून परतायला ताईला तासभर उशीर झाला, 'एका वाचकाबरोबर चहा घेतला' असे ती सहज म्हणाली, तर भुवया उंचावू नका. 'आता या वयात?' हा प्रश्न तर ओठांवर आणूच नका. पुस्तक कोणते होते, तेवढे विचारा.