आईची झोप आणि माशांचा श्वास

माझा भाऊ भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या मे महिन्यात मी आठ दिवस त्याच्याकडे गेले, तेव्हा घरात दोन पाहुणे आधीच येऊन राहिलेले होते. दोन फुटी काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश, थोड्या पाणवनस्पती आणि बुडबुडे सोडणारा चिमुकला पंप. टाकी बाहेरच्या खोलीत आणि आईचा पलंगही तिथेच.

"रात्रभर कानाशी भुंगा गुणगुणतो गं," आईने पहिल्याच सकाळी गाऱ्हाणे मांडले.

गाऱ्हाणे खरे होते. या पंपात फिरणारी मोटर नसतेच. सेकंदाला ५० आवर्तने असलेल्या विजेवर चुंबक थरथरते, त्याबरोबर रबराचा पडदा हलतो आणि हवा नळीत ढकलली जाते. ज्या थरथरीने हवा मिळते, तिचाच आवाज होतो.

नववीतला माझा भाचा म्हणाला, "आत्या, पंप थोडा वेळ चालेल, थोडा वेळ थांबेल असं सर्किट मीच बनवतो!" झाले! संध्याकाळी नेहरू आर्ट गॅलरी पाहायची म्हणून आम्ही सिविक सेंटरला निघालो होतो. गॅलरी बाजूला राहिली आणि मी एका दुकानात रिले आणि ट्रान्झिस्टरचे भाव विचारत उभी!

पहिला ट्रान्झिस्टर पाच मिनिटांत गेला. रिलेची गुंडाळी बंद होताना विजेचा उलटा झटका देते. तो जिरवायला गुंडाळीला आडवा डायोड जोडावा लागतो आणि नेमका तोच राहिला होता. दुसरा ट्रान्झिस्टर टिकला, पण वेळ बिघडली. ५५५ क्रमांकाच्या आयसीचे घड्याळ म्हणजे एक कपॅसिटर हळूहळू भरणे. हिशेबाने १८ मिनिटांनी पंप थांबायला हवा होता, लागली चाळीस. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उकाड्यात तो थांबेचना. मोठे कपॅसिटर माठासारखे पाझरतात आणि उष्णतेत जास्तच. भरतीपेक्षा गळती वाढली, तर घड्याळ पुढे सरकणार कसे?

इथे मी शहाणपणा केला. बाजारातून तयार टायमर आणला आणि रात्री ११ ते पहाटे ५ पंप बंद राहील असा लावून टाकला. भाचा जरा हिरमुसला. आई मात्र खूश!

पहिल्या रात्री फरशीवर पाणी. पंप टाकीखालच्या स्टुलावर होता. हवा थांबताच पाणी नळीत उलटे शिरले, टाकीची कड ओलांडली आणि मग थेंब थेंब खाली येतच राहिले. पंपाच्या पोटातही पाणी गेले. शेजारीच विजेचा बोर्ड होता, हे आठवले की अजून अंगावर काटा येतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी. ती फार महाग नसते. शिवाय पंपाची वायर प्लगपर्यंत जाताना आधी खाली झोल घेऊन मग वर जाऊ द्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी बोर्डात न शिरता झोलावरूनच गळून पडते.

झडप बसवली, नवा पंप आणला. दुसऱ्या रात्री सगळेच गाढ झोपलो. पहाटे मला जाग आली तर मोठा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होता. धाकटा आडवा झाला होता.

वनस्पती प्राणवायू देतात, हे शाळेत शिकलेले. रात्री त्याही माशांसारखाच प्राणवायू घेतात, हेही शिकलेले, पण टायमर लावताना आठवले नाही. पाण्यातला प्राणवायू पहाटेच सर्वांत कमी असतो. त्यात उन्हाळा. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे ज्या वेळी पंप सर्वांत गरजेचा, नेमकी तीच वेळ मी बंदची निवडली होती.

भाचा काहीच बोलला नाही. त्याने सर्किटचा डबा माळ्यावर टाकला. आई मात्र दिवसभर म्हणत राहिली, "माझ्या झोपेपायी गेला तो." तिला काय सांगणार?

रात्रपाळी करून आलेल्या दादाने सगळे ऐकून घेतले. "आमच्या झोतभट्टीतही खालून हवाच फुंकतात," तो म्हणाला. "कुणाला झोप लागत नाही म्हणून ती बंद नाही करत." भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले होते. गंमत म्हणजे १९५१ मध्ये मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटनही त्यांनीच केले होते!

मग दादाने पंप स्टुलावरून उचलला आणि भिंतीतल्या खिळ्याला, टाकीपेक्षा उंच, जाड दोरीने टांगला. मागे फोमचा तुकडा. निम्म्याहून अधिक आवाज तर स्टुलाचे लाकूडच करत होते!

तीन दिवसांनी भाच्याने डबा पुन्हा खाली काढला. आता त्याला पंप बंद करायचा नव्हता. वीज असेपर्यंत रिले ओढलेला राहतो. वीज गेली की सुटतो आणि बॅटरीवरचा छोटा पंप सुरू होतो. घड्याळही नको, आयसीही नको. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने प्लग काढून दाखवला. टक् असा आवाज झाला आणि बुडबुडे पुन्हा सुरू.

बॅटरीवरचा पंप पहिल्यापेक्षाही जास्त घरघरतो. मी आईकडे पाहिले.

"असू दे," आई म्हणाली, "जाग आली तर वीज गेलीय हे तरी कळेल."