‘छान आहे’ म्हणजे पन्नासपैकी किती?

आपल्याकडे कुणी काही करून खायला घातलं आणि ‘कसं झालंय?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. छान. फारच आग्रह झाला तर ‘मस्त’. आमटीत मीठ जास्त पडलेलं असो, शिऱ्याच्या गाठी झालेल्या असोत, उत्तर छान. यजमानीणबाईंनी दुपारभर ओट्यापाशी उभं राहून केलेलं असतं, आपण काही तिथे परीक्षक म्हणून गेलेलो नसतो. तेव्हा घरच्या पंगतीत हे ‘छान’ मला पूर्ण मान्य आहे. माझं भांडण आहे ते हेच ‘छान’ आपण पंगतीबाहेर घेऊन जातो त्याच्याशी. जिथे करणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं असतं, जिथे त्याचं पोट त्यावर चालणार असतं, तिथेही आपण ‘छान’ म्हणून मोकळे होतो.

आज ज्या पदार्थाबद्दल लिहितोय तो बिअर आहे, आणि त्यातही इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे ठाऊक आहे. आमच्या घरात एक काका दारूपायी गेले, त्यामुळे ‘दारू ती दारू, तिची कसली चव आणि कसली परीक्षा’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, आणि ते बोलणाऱ्यांचं दुःख मला कळतं. वाद घालणार नाही. एवढंच सांगतो, की परीक्षक म्हणून बसलेला माणूस एका बिअरचे जेमतेम चार-पाच घोट घेतो आणि त्यातले दोन कागदावर लिहिता लिहिता गरम होतात. (शिवाय महाराष्ट्रात प्यायला कायद्याने परवाना लागतो, तोही माझ्याकडे आहे. बहुतेकांकडे नसतो. असो.)

नावात इंडिया असलेल्या या बिअरची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. लंडनच्या बो भागातल्या हॉजसन नावाच्या बिअरवाल्याने म्हणे हिंदुस्थानापर्यंतच्या लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम जास्त हॉप्स आणि जास्त अल्कोहोल घालून नवी बिअर शोधून काढली. गोष्ट छान आहे (बघा, मीही म्हणालो!), पण तशी घडलेली दिसत नाही. फिकट रंगाची, जास्त हॉप्स घालून मुरवलेली बिअर इंग्लंडात आधीपासून होती. काळी पोर्टरही जहाजांतून इकडे यायची आणि धडधाकट पोचायची. हॉजसनचं नशीब असं, की त्याचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत त्या धक्क्यांजवळ होता आणि तो कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल द्यायचा. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून चार-सहा महिन्यांनी पिंपं कलकत्त्याला किंवा मुंबईला उतरायची, आणि त्या हेलकाव्यांत नि उष्णतेत बिअर चांगली मुरायची. पुढे त्याच्या वारसांनी दर वाढवले, उधारी बंद केली. मग १८२२ च्या सुमाराला कंपनीच्या एका संचालकाने बर्टन गावच्या ऑलसॉपला ती बिअर दाखवून ‘अशी करून दे’ म्हटलं. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळून केला असं सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा कसा स्वच्छ, टोकदार लागतो. झालं, हॉजसन मागे पडला. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील जाहिरातींत रूढ झालं ते त्यानंतर, १८३० च्या दशकात.

थोडक्यात, इंडियाने ही बिअर ना केली, ना प्यायली. प्यायले ते इथले गोरे साहेब. साधे गोरे शिपाई बहुतेक पोर्टरवर. तरीही अजून जगभर या बिअरच्या डब्यांवर हत्ती, मिशाळ महाराज आणि कमळं छापली जातात, ते पाहून मला रागापेक्षा गंमतच जास्त वाटते.

आता परीक्षेकडे वळू. नोकरीनिमित्त काही वर्षं सॅन डिएगोला होतो, तिथे घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळांत ओढला गेलो. अमेरिकेत घरगुती बिअरला १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली, आणि अशा बिअर तपासायला परीक्षक हवेत म्हणून १९८५ साली बीजेसीपी नावाची संस्था निघाली. त्यांची गुणपत्रिका पन्नास गुणांची. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते, जड की हलकी, फसफस किती, याला ५, आणि एकंदर मताला १०. परीक्षकापुढे फक्त क्रमांक असतो, बिअर कुणाची ते माहीत नसतं. आधी प्रत्येकाने गप्प बसून आपापलं लिहायचं, मगच बोलायचं. मला सगळ्यात आवडला तो हा गप्प बसण्याचा नियम. आपल्याकडे टेबलावरचा पहिला माणूस ‘वा!’ म्हणाला की बाकीच्या तिघांची जीभ त्याच्यामागे जाते.

दिसण्याला पन्नासात फक्त तीन गुण, हे जरा लक्षात ठेवा. आणि वासाला बारा. म्हणजे न पिता, नुसत्या नाकाने, जवळपास पाव निकाल लागतो. म्हणून बर्फात घालून ठेवलेल्या मगात आयपीए ओतणं हा मला गुन्हा वाटतो. इतक्या थंडीत वास उठतच नाही. सात ते दहा अंश ठीक, आणि पेला तोंडाशी थोडा निमुळता असावा.

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. ती आधी घालून तासभर उकळली की त्यातली आम्लं रूप बदलतात आणि कडूपणा येतो, पण सुवास वाफेबरोबर उडून जातो. शेवटी घातली, किंवा आंबवण झाल्यावर थंडच टाकली, तर सुवास राहतो. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच. १९७२ साली अमेरिकेत कॅस्केड जातीचे हॉप्स बाजारात आले, १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने ते वापरून लिबर्टी एल काढली, आणि इंग्लंडात जवळजवळ मरायला टेकलेल्या या प्रकाराला दुसरा जन्म मिळाला. मूळच्या मातकट, गवती वासाच्या जागी संत्र्या-मोसंबीचा घमघमाट आला. पुढे व्हरमाँटकडे गढूळ आयपीए निघाल्या, २००४ ची हेडी टॉपर त्यांतली गाजलेली. त्यांचा वास तर थेट फळांच्या गाड्यावरचा.

इथे एक तक्रार. पुण्या-मुंबईत हल्ली चांगली जाणती तरुण मंडळी आयपीए चाखताना ‘पाइन’, ‘ग्रेपफ्रूट’, ‘पॅशनफ्रूट’ म्हणतात. अरे, ग्रेपफ्रूट कधी सोललंय का हातांनी? आपल्याकडे पपनस आहे. त्याची जाड साल नखाने खरवडली की जो कडवट-गोड वास येतो, तो कॅस्केडमध्ये मला स्पष्ट सापडतो. सिट्रा जातीच्या हॉप्समध्ये आंब्याची साल, आणि कधी पिकलेला पेरू. काहींत गवती चहा, काहींत ईडलिंबू. पोपटपंची करून ‘पाइन’ म्हणण्यापेक्षा आपल्या नाकाला आठवेल ते लिहावं. दोषांचंही तसंच. जुन्या, हवा लागलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हिरव्या बाटलीत ऊन लागलेल्या बिअरला अमेरिकन लोक ‘स्कंक’ म्हणतात. तो प्राणी आपल्याकडे नाहीच, पण स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात जे गंधकाचं रसायन मिसळतात, त्याच्याच जातकुळीतला हा वास आहे. एकदा हे सांगितलं की कुणीही ओळखतो.

आता ज्यामुळे हे सगळं लिहायला बसलो ते.

माझा भाचा पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत काम करतो (नाव सांगत नाही). २००९ मध्ये डूलालीपासून पुण्यात हे पर्व सुरू झालं, तेव्हा तो शाळेत होता. गेल्या वर्षी त्याला पहिल्यांदा स्वतःच्या पाककृतीची आयपीए करायला मिळाली. मित्रांनी पाच तारे दिले. गिऱ्हाइकांनी फोटो काढले. ताई-भाऊजी एकदा जाऊन आले, लिंबूपाणी पिऊन ‘छान आहे हो’ म्हणाले. त्या तारकांच्या जोरावर पठ्ठ्याने नोकरी सोडून भागीदारीत स्वतःची ब्रुअरी काढायचं ठरवलं, आणि ताई मुदत ठेव मोडायला निघाली. त्यांना विचारलेलं उत्तर आणि माझ्याकडून हवं असलेलं उत्तर यांत फरक होता. तो म्हणाला, “मामा, तू खरं सांग. कागदावर लिहून दे.”

लिहून दिलं. रंग सुरेख, तांब्याकडे झुकणारा सोनेरी, फेस टिकणारा, तीनपैकी तीन. नाकाशी धरली तर आधी पपनस, कैरी, आणि त्यामागून हळूच बटरस्कॉचची गोळी. दुसऱ्या घोटाला तर जिभेवर लोण्याचा तवंग असल्यासारखं. हा डायअ‍ॅसिटिलचा दोष. यीस्ट आंबवताना एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याला स्वतःला वास नसतो, पण त्याचं हळूहळू डायअ‍ॅसिटिल होतं. यीस्टला आणखी काही दिवस उबेत राहू दिलं तर तेच ते पुन्हा खाऊन टाकतं. घाईने थंड केलं की राहून जातं. आयपीएत आणखी एक गोम अशी, की वरून थंडच टाकलेल्या हॉप्समधली विकरं उरलेली साखर फोडतात, झोपलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं आणि तोच खेळ नव्याने सुरू होतो. वासाला ६, दिसण्याला ३, चवीला १०, तोंडातल्या अनुभवाला ४, एकंदर ५. बेरीज २८. त्या गुणपत्रिकेत २१ ते २९ ला ‘चांगली’ म्हणतात, म्हणजे पिण्याजोगी पण नेम चुकलेली.

खाली लिहिलं, ‘टाकी किती दिवस दिली?’ उत्तर मला माहीत होतं. शनिवारच्या गर्दीसाठी टाकी रिकामी हवी होती, वरून हुकूम आला, दोन दिवस आधीच थंड केली.

ताई भडकली. “पोराचा उत्साह मारलास. एवढे लोक छान म्हणतात आणि तुला एकट्यालाच लोणी लागलं?” तिचं बरोबर आहे, तिच्या जागेवरून. पण एवढ्या लोकांना पैसे घालायचे नव्हते. वीस हजार लिटरची बिअर लोण्याच्या वासाने परत आली तर त्यातला एकही तारा हप्ता भरायला येणार नव्हता. आणि मला आणखी एक म्हणायचंय. ‘छान’ म्हणणाऱ्याला बिअर करणाऱ्याच्या हातात काहीच ठेवता येत नाही. २८ म्हटलं तर तो विचारू शकतो, बावीस कुठे गेले? आणि मग त्याला टाकीपर्यंत जाणारा रस्ता सापडतो.

भाचा दोन आठवडे बोलला नाही. मग एका रात्री फोन, हॅलो न म्हणता, “नमुना किती अंशावर गरम करायचा?” डायअ‍ॅसिटिल लपलंय का ते बघायची सोपी युक्ती आहे. थोडी बिअर झाकून साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायची, थंड करून न तापवलेल्या बिअरशेजारी हुंगायची. लोणी आलं तर टाकीला हात लावायचा नाही, मालक काही का म्हणेना. आता तो हे दर वेळी करतो. ब्रुअरीचं दोन वर्षांनी बघू असं ठरलंय. ताईची ठेव अजून बँकेत आहे, ताई अजून माझ्यावर थोडी रागावलेली आहे.

कडूपणाचे आकडे मिरवण्याबद्दलही बोलायला हवं. आयबीयू म्हणजे साधारण एका लिटरमध्ये ते कडू आम्ल किती मिलिग्रॅम आहे त्याचं माप. अमेरिकन आयपीएला चाळीस ते सत्तर पुरतात. मधे शंभराच्या पुढची शर्यत लागली होती, पण तिथे बहुतेक जिभांना फरक कळेनासा होतो. कडूपणा आपल्याला नवा नाही. पाडव्याला कडुनिंब चावणारे, कारल्याची भाजी मागून घेणारे आपण. पण कारल्याला चिंच-गूळ लागतोच ना? आयपीएत तो गूळ म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचा गोडवा. तो नसेल तर ती बिअर म्हणजे काढा. हल्ली मला असे काढे बरेच भेटतात, आणि ते पिऊन दाखवण्यात काही जणांना पुरुषार्थ वाटतो. मी त्यांना पस्तिशीच्या वर जाऊ देत नाही.

विकत घ्यायची असेल तर एकच काम करा. डब्याच्या बुडाशी भरल्याची तारीख असते, ती शोधा. हॉजसनची बिअर सहा महिने समुद्रावर हेलकावत मुरायची, आजच्या आयपीएचं नेमकं उलटं, तिचा सुवास दोन-तीन महिन्यांत ओसरतो, आणि उघड्या फळीवर, उकाड्यात, त्याहून लवकर. तारीख तीन महिन्यांमागची असेल आणि डबा फ्रिजबाहेर असेल, तर वर हत्ती कितीही सुंदर काढलेला असो, परत ठेवा.