फासा कुठे टाकावा, नजर कुठे टाकावी

कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच मित्र. एवढ्या सामानावर चालणारा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. एक जण कथा सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होऊन त्या कथेत वावरतात. माझे काही माजी विद्यार्थी आता हा खेळ खेळतात. त्यांच्यात एक वाद नेहमी रंगतो. खोलीत लपलेला चोर किंवा भिंतीतला गुप्त दरवाजा आपल्या पात्राला दिसला की नाही, हे फाशाने ठरवावे का? या फाशाला ते ‘परसेप्शन चेक’ म्हणतात.

पद्धत सोपी आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या तीक्ष्ण नजरेचे गुण त्यात मिळवायचे. बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली तर दिसले, नाही तर नाही. समर्थक म्हणतात, खऱ्या आयुष्यातही माणसाला सगळे दिसत नाही, म्हणून हे वास्तवाला धरून आहे.

जरा हिशेब करून पाहू. मध्यम अवघड गोष्टीसाठी १५ हा आकडा धरतात. टेहळणीत मुरलेल्या पात्राला ५ गुण जास्तीचे आहेत. तरीही वीसपैकी नऊ वेळा त्याला समोरची खूण दिसणार नाही. उलट, ज्यांना एकही जादा गुण नाही अशा पाच जणांनी फासे टाकले, तर त्यांच्यापैकी कुणा ना कुणाला ती दिसण्याची शक्यता ८३ टक्के! आयुष्य जंगलात घालवलेला माणूस चुकतो आणि पोथीत डोके घालून बसलेला पंडित खूण दाखवतो. एखाद्या वेळी गंमत वाटेल, पण प्रत्येक वेळी? याला वास्तव कसे म्हणायचे?

नियम लिहिणाऱ्यांनाही हा पेच जाणवला असावा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पाहणे, ऐकणे आणि शोधणे ही तीन वेगळी कौशल्ये होती. दर दहा फुटांना एक गुण कमी, असाही नियम होता. हा नियम शब्दशः लावला तर आकाशातला चंद्र कुणाला दिसायचा नाही, असा विनोद खेळाडू करत. २००८ साली ही कौशल्ये एका ‘परसेप्शन’मध्ये आली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने शोधक बुद्धीला पुन्हा वेगळे स्थान दिले. फासा न टाकता, दहा अधिक आपले गुण एवढी नजर कायम उघडी धरण्याची सोयही आहे. पण तिथे दुसरे टोक येते. १५ ची गोष्ट त्या टेहळ्याला नेहमीच दिसते, १६ ची कधीच नाही.

माझ्या मते चूक आकड्यांत नाही. आपण ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ यांत गल्लत करतो. उर्दूत नजर वेगळी आणि गौर वेगळा. नजर सगळ्यांवरून फिरते, गौर मात्र करावा लागतो. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रफितीत काही जण चेंडू फेकत होते आणि पाहणाऱ्यांना पांढऱ्या कपड्यांतल्यांचे झेल मोजायला सांगितले होते. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती त्यांच्यातून चालत गेली. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. त्यांचे डोळे चांगले होते. लक्ष झेल मोजण्यात होते. वर्गात ज्या मुलाला आपण ‘लक्ष नाही’ असा शेरा देतो, त्याचेही लक्ष बहुधा कुठेतरी असतेच. ते कुठे आहे, हे विचारायचे राहून जाते.

म्हणून खेळातही आधी विचारावे, ‘तू कुठे बघतोयस?’ खेळाडू म्हणाला, मी गालिचा उचलून खाली पाहतो, आणि दार गालिच्याखालीच असेल, तर फासा कशाला? दार दाखवा. सुरुवातीच्या काळात खेळाडू दहा फुटी काठीने जमीन ठोकत पुढे जात. तिथे सावधपणाला किंमत होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बोलका खेळाडू दहा ठिकाणे सुचवील, लाजरा गप्प राहील. फासा दोघांना सारखाच. शिक्षक म्हणून मला हा मुद्दा मोलाचा वाटतो, कारण हात वर करणाऱ्यालाच प्रश्न विचारला की मागच्या बाकावरचे मूल वर्षभर न बोलता निघून जाते. पण त्यावर उपाय फासा नव्हे. कथा सांगणाऱ्याने पाळीपाळीने प्रत्येकाला विचारावे आणि शब्दांचा फुलोरा न पाहता हेतू पाहावा. लाजरा खेळाडू नुसते ‘खिडकी’ म्हणाला तरी पुरे.

मग फासा कधी? समोर कुणी मुद्दाम लपून बसले असेल तेव्हा, किंवा वेळ थोडा आणि धावपळ मोठी असेल तेव्हा. अशा वेळी नशिबाला जागा द्यावी, ती तिथे शोभते. मात्र ज्या खुणेशिवाय कथा पुढे सरकत नाही, ती फाशाच्या हवाली करू नये. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ पद्धतीत हेच तत्त्व आहे. योग्य कौशल्याचे पात्र योग्य ठिकाणी शोधत असेल, तर मुख्य धागा त्याला मिळतोच. खरी परीक्षा त्या धाग्याचा अर्थ लावण्यात आहे.

न दिसलेल्या खुणेवर कथा अडली की टेबलाभोवतीचे पाच जण एकमेकांची तोंडे बघत बसतात आणि संध्याकाळ वाया जाते. खूण हातात देऊन ‘आता सांगा, याचा अर्थ काय?’ असे विचारले, तर तेच पाच जण वाद घालू लागतात. मला दुसरे टेबल जास्त खरे वाटते.