मराठी कादंबरीतला हरवलेला पाळक

१/ मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. लेखक बाबा पदमनजी बेळगावचे. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते पाळकही झाले. आपल्या कादंबरीचा प्रारंभ असा एका प्रॉटेस्टंट माणसाच्या हातून झाला. पण पाळक हे पात्र आपल्या कथासाहित्यात उपरेच राहिले. असे का झाले, याविषयी हा धागा.

२/ आधी शब्दांचा घोळ. ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. तो मूळचा कॅथलिक धर्मगुरूंचा. प्रॉटेस्टंट मराठी मंडळी ‘पाळक’ म्हणतात. पाळकाला बायकामुले असतात, संसाराची ओढाताण असते. आपण मात्र दोघांना एकाच शब्दात कोंबले. ‘अमर अकबर अँथनी’सारख्या चित्रपटांनी ठसवलेली प्रतिमाही झगा घातलेल्या, एकट्या कॅथलिक फादरचीच.

३/ आता अमेरिकेकडे पाहू. हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’मधला (१८५०) डिम्सडेल स्वतःचे पाप लपवून आतून पोखरत जातो. सिंक्लेअर लुईसचा एल्मर गँट्री (१९२७) निव्वळ ढोंगी. मॅरिलिन रॉबिन्सनच्या ‘गिलियड’मधला (२००४) वृद्ध जॉन एम्स आपल्या लहान मुलासाठी पत्र लिहितो. पापी, भोंदू, सत्पुरुष. पण तिघेही हाडामांसाचे.

४/ हे जग आपल्याला परके नाही. हॉथॉर्नने रंगवलेल्या न्यू इंग्लंडमधील प्युरिटनांच्या वारशातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ याच मिशनचे. आम्हा घाटकोपरकरांना तर त्याची खूण लोकलच्या वाटेवरच आहे: भायखळ्याचे ह्यूम हायस्कूल.

५/ मग आपल्याकडे डिम्सडेल का घडला नाही? माझ्या मते कारण वादात आहे. १८५७ मध्येच विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. वादात पक्ष असतात, माणसे नसतात. एका बाजूला पाळक म्हणजे धर्म बुडवणारा, दुसऱ्या बाजूला तारणारा. ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या दुःखाविषयी कळकळीने बोलते, पण तिथेही पात्रांच्या तोंडून बरेचदा उपदेशच ऐकू येतो.

६/ कोणी म्हणेल, संशय स्वाभाविकच होता. मिशनऱ्यांना धर्मांतर हवेच होते आणि राज्यही गोऱ्यांचे होते. मान्य. पण लुईसने तरी कुठे स्तुती केली? कठोर टीकेसाठीही त्याला आधी एक सबंध माणूस उभा करावा लागला. आपण टीका केली ती बुजगावण्यावर.

७/ कादंबरीने जे केले नाही ते एका आत्मचरित्राने केले. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंची त्यांच्यापासून ताटातूट झाली; १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या विचाराने. ‘स्मृतिचित्रे’तले टिळक शीघ्रकोपी, उधळे, विसरभोळे, हट्टी आणि तरीही विलक्षण प्रेमळ आहेत.

८/ लक्ष्मीबाई नवऱ्याला देव करत नाहीत आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करत नाहीत. त्या त्याला हसतात, त्याच्याशी भांडतात. म्हणून तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाऊ पाहणारा आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडणारा हा माणूस आपल्याला समजतो. मिशनचे अहवाल बाप्तिस्मे मोजतात, विरोधक नुकसान मोजतात. स्वयंपाकघरातला पाळक या दोन्ही हिशोबांत सापडत नाही.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांना याचे महत्त्व वाटायला हवे. ज्या समाजाचे एकही जिवंत पात्र आपल्या डोळ्यांसमोर नसते, त्याच्या कागदपत्रांतही आपण फक्त कट किंवा उपकार शोधत बसतो. मराठी ख्रिस्ती समाज दोनशे वर्षांचा शेजारी आहे. त्याच्या पाळकावर प्रेम करा, टीका करा, हसाही. पण आधी त्याला माणूस म्हणून लिहा. मित्रहो, ‘स्मृतिचित्रे’ शाळेतल्या धड्यापुरती वाचली असेल, तर आता सबंध वाचा.