प्रश्न विचारणारा विद्यार्थी हवा

भीमजयंती जवळ आली की देवळी, पुलगाव आणि तालुक्यातल्या खेड्यापाड्यांच्या विहारांतून मुले भाषणे पाठ करू लागतात. भाषण गुरुजींनी किंवा मोठ्या भावाने लिहून दिलेले असते. मूल माईकसमोर उभे राहते, न अडखळता बोलते, टाळ्या पडतात, वही-पेन बक्षीस मिळते. आम्हाला या मुलांचे कौतुकच आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला शिवू दिले नाही, त्यांची लेकरे भरसभेत बोलतात, ही लहान गोष्ट नाही. पण मंचावरून उतरलेल्या त्या लेकराला 'बाळा, तुझ्या शाळेत काय कमी आहे?' असे आपल्यापैकी कोणी कधी विचारले आहे काय?

लिहून दिलेले बोलणे म्हणजे शिक्षण नव्हे. तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः तपासून घ्या. जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि 1855 मध्ये तो 'ज्ञानोदय'त छापून आला. शाळेत गेलेली ती मुलगी व्यवस्थेला थेट जाब विचारू लागली. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. 1950 च्या जानेवारीत स्वतः बाबासाहेब त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचा कायदामंत्री विद्यार्थ्यांपुढे आपली बाजू मांडतो, ही आपली परंपरा आहे!

आणि आज काय दिसते? फार लांब जायला नको. देवळीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये सहा विद्यार्थ्यांना काढून टाकले. मान्यवर कांशीरामजींच्या स्मृतिदिनी धरणे धरून पंतप्रधानांना पत्रे लिहिली, हा त्यांचा गुन्हा. कारण दाखवले आचारसंहितेचे. आंदोलनात शंभरावर विद्यार्थी असताना दलित-ओबीसी विद्यार्थीच का निवडले, असा त्यांचा सवाल होता. देशभर ओरड झाल्यावर चार-पाच दिवसांत विद्यापीठाला आदेश मागे घ्यावा लागला. विद्यार्थी बोलले, म्हणूनच ते टिकले!

2016 च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांत विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकीची तरतूद केली. परंतु 2019 मध्ये व्हायच्या त्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीचे कारण सांगून सरकारने पुढे ढकलल्या. एकाच वर्षी निवडणुकीच्याच नावाने विद्यार्थ्याचे मतही रोखले आणि त्याचे पत्रही! अठराव्या वर्षी देशाचे सरकार निवडू शकणारा तरुण आपल्या कॉलेजचा प्रतिनिधी निवडण्यास नालायक ठरतो, हे कोणते लोकशाही शिक्षण?

सरकारला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या राज्यात विद्यार्थी प्रतिनिधींचीही सोय आहे. देवळी तालुक्यातल्या आपल्या किती आयाबहिणी या समितीच्या बैठकीला जातात? कापूस वेचणीची मजुरी बुडते म्हणून बैठक चुकते आणि सही मात्र घरपोच होते, असे तर होत नाही ना? विद्यार्थी प्रतिनिधी कोण, हे त्याच्या वर्गातल्या मुलांना तरी ठाऊक असते काय? मुलींच्या संडासाला दार नाही, गणिताला शिक्षक नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहातले जेवण कच्चे असते, हे ज्याला रोज भोगावे लागते त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

आमचे बांधवांना एवढेच सांगणे आहे. येत्या जयंतीला भाषणस्पर्धा जरूर घ्या, पण एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. त्या वेळी पुढाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी खाली सतरंजीवर बसावे, माईक मुलांच्या हाती द्यावा. मुले जे सांगतील ते कागदावर उतरवून शाळेच्या समितीपुढे, गृहपालांपुढे, गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवावे आणि पोच घ्यावी. महिन्याने पुन्हा जमून काय झाले ते मुलांनाच सांगावे. घरीदेखील पोराने उलट प्रश्न केला तर त्याला गप्प करण्याआधी क्षणभर थांबावे. कदाचित त्याचेच बरोबर असेल.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतीभिंतींवर लिहिले. वर्गात हात वर करण्याची हिंमत नसलेला मुलगा उद्या संघर्ष कसा करणार? तो हात आज वर होऊ द्या!