खेळकर अक्षर आणि समीक्षेची अढी

मराठी समीक्षेत लेखनाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. अक्षराकडे पाहणारे फार थोडे. देरिदाच्या १९६७ च्या ग्रंथानंतर ‘लेखन’ ही संज्ञा चर्चासत्रांतून यथेच्छ फिरली. परंतु छापील अक्षराच्या रूपाचा प्रश्न आला की हीच समीक्षा मुकाट्याने सोस्यूरकडे परतते. अक्षर पांढरे की काळे, लेखणीचे की छिन्नीचे, याने अर्थात फरक पडत नाही, हे त्याचे प्रतिपादन तिने न तपासताच पदरी बांधून घेतले आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांची अक्षरे नाटकाच्या जाहिरातीतच प्रयोगाची प्रकृती सांगत. नाट्यसमीक्षेने त्यांची दखल कितीशी घेतली? मग ‘मोदक’सारखा गुबगुबीत फॉन्ट समोर येताच ‘बालिश’ या एका शब्दात त्याची वासलात लागते, यात नवल नाही.

हा शब्द आळसाचा आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’साठी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेल्या या फॉन्टची सुरुवात हाताने काढलेल्या रेखाटनांतून झाली. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांतील भेद शिरोरेषेतल्या खंडावर व एखाद्या गाठीवर तोललेला असतो. ‘मोदक’मध्ये काळा भाग इतका फुगतो की आतल्या पोकळीच्या बारीक चिराच उरतात, मात्रा लागली की त्या चिरांनाही वळण बदलावे लागते. वाचक येथे काळे वाचत नाही, उरलेले पांढरे वाचतो. भेद टिकला म्हणजे झाले, हा सोस्यूरपक्षाचा बचाव परिचित आहे. पण तो जेमतेम टिकवण्यातली जोखीम हाच तर या अक्षराचा विनोद आहे!

सोलापुरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तेथे मराठी, कन्नड आणि तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदतात. याच संस्थेच्या ‘बालू’ने नऊ भारतीय लिप्यांना एकच गोलाई दिली. त्याचे कन्नड रूप ‘तम्मा’, तेलुगू रूप ‘तम्मुडू’. दोहोंचा अर्थ धाकटा भाऊ. देवनागरी मात्र नुसती ‘बालू’. थोरलेपण न सांगता तिच्याकडे जाते. नामकरण गमतीचे आहे, निरागस नाही. वळणाकडे पाहावे तर नाते उलटेच दिसते. गोलाई कन्नड-तेलुगूच्या अंगचीच आहे. शिरोरेषा आणि दंड सांभाळणाऱ्या देवनागरीला ती परिश्रमाने आणावी लागते. म्हणजे थोरली येथे धाकट्यांची ऋणको ठरते.

ही अक्षरे मथळ्याची, मुखपृष्ठाची, निमंत्रणाची, फलकाची. मुक्त परवान्यामुळे ती कोणाच्याही हाती पडतात, आणि बारीक आकारात सलग मजकूर ‘मोदक’मध्ये जुळवला की चिरा बुजतात. हा दोष जुळवणाऱ्याचा. समीक्षक तो अक्षराच्या माथी मारतो. रंगवलेल्या पाटीवरचे दोन ‘क’ तंतोतंत सारखे नसतात. फॉन्टमध्ये मात्र एकदाची लहर बहुधा जशीच्या तशी पुन्हा पुन्हा उमटते. खेळकरपणावर आक्षेप घ्यायचाच तर तो येथे घेता येईल. ‘बालिश’ म्हणणाऱ्यांनी तो अद्याप घेतलेला नाही.