समृद्धीवरून जाणारा पाहुणा नांदगावातून काय नेणार?

जपानमध्ये सहलीहून परतणारा माणूस घरच्यांसाठी आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांसाठी त्या गावचा खाऊ आणतो. त्याला ‘ओमियागे’ म्हणतात. क्योटोची यात्सुहाशी, हिरोशिमाचा मोमिजी मांजू ही त्यातली प्रसिद्ध नावे.

चवीइतकेच महत्त्व बांधणीला आहे. प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात, डब्यावर गावाचे नाव आणि टिकण्याची तारीख. १९९३ पासून तिथे हमरस्त्यांवर ‘मिची-नो-एकी’ नावाचे थांबेही आहेत. त्यात परिसरातले शेतकरी आपला माल विकतात.

आपल्याकडे शेगावची कचोरी टिकते, म्हणून प्रवासी ती बांधून नेतात. अमरावतीचा गिला वडा मात्र जागेवरच खावा.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. तो नांदगाव खंडेश्वर तालुक्यातूनही जातो. इथला खाऊ गाडीत चढायचा, तर नवा पदार्थ शोधायला नको. मुगवड्या, सरगुंडे, जवसाची चटणी घरोघरी होतेच. हवे ते लहान पाकीट, तारीख, एफएसएसएआयची नोंदणी आणि ठळक अक्षरांत गावाचे नाव.

शिवाय महामार्गालगत बचत गटांसाठी राखीव गाळा हवा. तिथेही बाहेरचेच वेफर्स विकले गेले, तर तूर-सोयाबीन पिकवणाऱ्याच्या वाट्याला फक्त गाड्यांचा आवाज येईल.